दुसऱ्या भाषांतली मुलांची पुस्तकं कशी शोधायची?

प्रश्न: ताई, मुलीला वाचायचं प्रचंड वेड आहे, पण अनुवादित म्हटलं की इंग्रजीतलीच गाजलेली नावं समोर येतात. बाकी भाषांतलं कसं शोधू?

उत्तर: आधी आतल्या पानावर अनुवादकाचं नाव बघा, मूळ भाषाही बहुतेक तिथेच कळते, आणि एखादा अनुवाद तिला आवडला ना की त्याच अनुवादकाची बाकीची पुस्तकं शोधायची, हा रस्ता क्वचितच फसतो. मग हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्काराची यादी, १९५६ पासून दर दोन वर्षांनी जगभरातल्या मुलांसाठी लिहिणाऱ्या लेखकांना देतात, १९६६ पासून चित्रकारांनाही, त्यातली नावं घेऊन लायब्ररीत विचारा.

सुरुवात 'तोत्तोचान'पासून करा. मूळ जपानी, १९८१ चं, मराठीत आहे. रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा, जेवणात काहीतरी समुद्रातलं आणि काहीतरी डोंगरातलं आणा म्हणणारे हेडमास्तर, मुलं अशी रमतात की विचारू नका! अनोळखी नावांवर अडखळली तर लगेच समजावत बसू नका हं, गोष्टीच्या ओघात कळतं. आणि घ्यायच्या आधी दोन-चार पानं मोठ्याने वाचून बघा, मराठी अवघडलेलं वाटलं तर सरळ ठेवून द्या.