वास्तवदर्शी की वास्तववादी?

प्रश्न असा आला आहे : "कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूधकट्ट्याचं, जिथं गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून दूध देतात, जलरंगात चित्र काढलं. एकजण म्हणाला 'वास्तववादी' आहे, दुसरा म्हणाला 'वास्तवदर्शी'. बरोबर कोण? आणि फोटोला यातलं काय म्हणायचं?"

दोघंही बरोबर असू शकतील, पण दोघं एकच गोष्ट सांगत नाहीत. 'दर्शी' आला दृश् धातूवरून, 'वादी' वद् वरून. पहिल्यात जसं दिसतं तसं दाखवणं आहे, दुसऱ्यात एक भूमिका आहे. राजा रविवर्म्याची लक्ष्मी घ्या. साडीची चूण न् चूण, दागिन्यांची चमक, हाताची गोलाई, सगळं वास्तवदर्शी. पण कमळावर उभ्या देवीच्या चित्राला वास्तववादी कसं म्हणणार? उलट फ्रान्समध्ये चित्रकार कूर्बेनं 1849 मध्ये रस्त्याकडेला खडी फोडणारे दोन मजूर भल्यामोठ्या कॅनव्हासवर रंगवले. एवढा कॅनव्हास तेव्हा राजे, देव आणि लढाया यांच्यासाठी असायचा. 'वाद' आहे तो इथं.

आपल्या कोल्हापुरात तर एकाच माणसात दोन्ही शब्द भेटतात. बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवले, ते काम वास्तवदर्शी. त्यांनीच 1925 मध्ये 'सावकारी पाश' हा मूकपट काढला, कर्जापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याचा. तो वास्तववादी.

'हुबेहूब' हा फारसीतून आलेला तिसरा शब्द. तो फक्त साम्य मोजतो. व्यक्तिचित्राला शोभतो, म्हशीला तितकासा नाही.

फोटोचं म्हणाल तर, कॅमेऱ्यासमोर असतं ते त्यात उतरतंच, म्हणून 'वास्तवदर्शी फोटो' ही मला बहुतेकदा द्विरुक्ती वाटते. 'वास्तववादी' मात्र चालेल, कारण कुणाकडं कॅमेरा वळवायचा हे माणूस ठरवतो. आणि गंमत बघा, चित्र आवडलं की आपण म्हणतो "फोटोच जणू", फोटो आवडला की "अगदी चित्रावानी". मला यातलं दुसरं कौतुक मोठं वाटतं. रोजचीच जागा, पण कुणीतरी थांबून पाहिली, हे त्यात येतं.

आता तुमचं चित्र. सोबत पाठवलेल्या प्रतीत चरवीतल्या दुधाचा फेस काठावर आलाय, धार काढणाऱ्याच्या मनगटाची शीर ताणलीय आणि ग्लास धरून उभं असलेलं गिऱ्हाईक कडेला अर्धंच दिसतंय. म्हशीइतकीच जागा तुम्ही त्या मनगटाला दिलीत. चित्राखाली मी 'वास्तववादी' लिहीन.