‘फिजिकल डॅमेज’ म्हणून वॉरंटी नाकारली, आता काय?

प्रश्न : मी मानवतचा शेतकरी. मुलगी नांदेडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या हंगामातल्या कापसाच्या पैशातून जुलैत छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानातून तिला ५२,९९० रुपयांचा लॅपटॉप घेतला. मेहुण्याची आडत आहे, त्याचा जीएसटी नंबर दिला म्हणून बिल त्याच्या फर्मच्या नावानं निघालं. वॉरंटी एक वर्षाची. पाचव्या महिन्यात स्क्रीनवर उभी हिरवी रेघ आली. लॅपटॉप कुठं पडला नाही, आपटला नाही. सर्व्हिस सेंटरनं चार दिवस ठेवून घेतला आणि सांगितलं, ‘फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही, १४,८०० रुपये भरा.’ दुकानदार कंपनीकडं बोट दाखवतो. परीक्षा तोंडावर आहे. पैसे भरून मोकळं व्हावं का?

उत्तर : भाऊ, पैसे आत्ता भरू नका. आणि मानवतच्या किंवा नांदेडच्या ओळखीच्या दुकानात लॅपटॉप उघडूनही बघू नका. एकदा बाहेर उघडला की वॉरंटी नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं, आणि दोष मुळात कुठं होता हे दाखवायचा आपला पुरावाही जातो.

सगळ्यात आधी घरातला एक कागद शोधा. लॅपटॉप जमा केला तेव्हा मिळालेली जॉबशीट. तिच्यावर वस्तूची बाहेरची अवस्था लिहायचा रकाना असतो : तडा, पोचा, ओरखडे, पाणी लागल्याची खूण. तिथं ‘काही नाही’ लिहिलं असेल, किंवा रकाना कोराच असेल, तर चार दिवसांनी निघालेलं नुकसान आलं कुठून, हे त्यांना सांगावं लागेल. एवढ्या एका ओळीवर बाजू फिरू शकते. जॉबशीट दिलीच नसेल, तर जमा केल्याची तारीख असलेला मेसेज जपून ठेवा.

दुसरं, ‘फिजिकल डॅमेज’ हे त्यांनी तोंडी सांगितलं की लिहून दिलं? आजच कंपनीच्या अधिकृत ईमेलवर लिहा : नुकसान नेमकं कुठं दिसलं, त्याचे फोटो द्या, तपासणाऱ्याच्या सहीचा अहवाल द्या. दाब पडून किंवा आपटून स्क्रीनचं पॅनल फुटलं तर बहुतेक वेळा कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे किंवा शाई सांडल्यासारखे काळे डाग दिसतात. काच धड आणि वरपासून खालपर्यंत एकच सरळ रेघ असेल, तर आतली केबल किंवा पॅनलची जोडणी निकामी झाली असण्याची शक्यता मोठी. हा शेवटचा निवाडा नव्हे, तो तज्ज्ञाचाच. पण अहवाल मागण्याइतका आधार यात नक्की आहे. वॉरंटी चालू असताना तक्रार केल्याचा लेखी पुरावाही याच ईमेलनं तयार होतो. पुढं जुलै उलटला तरी तो उपयोगी पडेल.

आता तुमच्या प्रकरणातला कच्चा दुवा, तो लपवण्यात अर्थ नाही. बिल मेहुण्याच्या फर्मच्या नावानं आहे. आपल्याकडं थोडा कर वाचावा म्हणून हे सर्रास केलं जातं, आणि निस्तरावं लागतं ते अशा वेळी. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ प्रमाणं व्यापारी कामासाठी वस्तू घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही, आणि कंपनीचा वकील पहिला आक्षेप हाच घेईल. त्यावर उत्तर आहे. खरेदीदाराच्या संमतीनं वस्तू वापरणाराही कायद्यानं ग्राहकच असतो, म्हणजे तुमची मुलगीही. आणि खरेदीचा मुख्य हेतू काय होता हे बघायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं लीलावती कीर्तिलाल मेहता ट्रस्टच्या प्रकरणात २०१९ साली सांगितलं आहे. त्यामुळं मुलीचं कॉलेजचं ओळखपत्र, फीची पावती आणि पैसे तुमच्या खात्यातून गेले असतील तर त्याचा उतारा जोडा. तक्रारीत मेहुण्यालाही तक्रारदार करा. मात्र त्यांना एक गोष्ट आधी विचारा : या बिलावर फर्मनं कराची वजावट घेतली आहे का? घेतली असेल तर खरेदी धंद्यासाठीच होती असं दिसतं आणि बाजू बरीच नाजूक होते. जे आहे ते वकिलाला खरं सांगा आणि ग्राहक आयोगापुढंही खरंच मांडा.

पुढची पायरी नोटीस. कंपनी, दुकानदार आणि सर्व्हिस सेंटर, तिघांनाही स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोहोच जपा. पंधरा दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करा किंवा बदलून द्या, एवढी साधी मागणी पुरे. दुकानदाराला वगळू नका, पैसे त्यानं घेतले आहेत. मधल्या काळात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा. तिथं निकाल मिळत नाही, पण पुष्कळदा कंपनीच्या वरच्या माणसापर्यंत विषय पोचतो आणि तिथंच सुटतो.

नाही सुटला, तर तक्रार परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. बिलावर ‘वाद छत्रपती संभाजीनगरच्या न्यायालयातच’ असं छापलेलं असलं तरी घाबरू नका. तक्रारदार जिथं राहतो तिथं तक्रार करायचा हक्क २०१९ च्या याच कायद्याच्या कलम ३४ नं दिला आहे. जुन्या कायद्यात हा हक्क नव्हता, वस्तू घेतलेल्या शहराकडं चकरा माराव्या लागायच्या. खेड्यापाड्यातल्या माणसासाठी नव्या कायद्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला हीच वाटते. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असल्यानं आयोगाची फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही, तुम्ही स्वतः उभे राहू शकता. मुदत, कारण घडल्यापासून दोन वर्षं.

दोष होता हे दाखवायची पहिली जबाबदारी तक्रारदाराची असते, म्हणून मी कागदांवर इतका भर देतोय. पण ‘हे नुकसान ग्राहकानंच केलं’ असं कंपनी म्हणत असेल, तर नुसतं म्हणून भागत नाही, आधार दाखवावा लागतो. वाद तांत्रिकच राहिला तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडं तपासायला पाठवू शकतो, त्याची फी मात्र आधी तक्रारदाराला भरायला सांगितली जाऊ शकते. कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. निकालासाठी कायद्यात तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने लिहिलेत. प्रत्यक्षात जास्त लागतात, हे मनात धरूनच या वाटेला लागा. दुरुस्ती, बदली, पैसे परत आणि झालेल्या त्रासाची भरपाई, हे सगळं मागता येतं.

राहिली लेकीची परीक्षा. तक्रारीच्या निकालाची वाट बघत लॅपटॉप सर्व्हिस सेंटरमध्ये पडू देऊ नका. ‘दुरुस्ती न करता परत’ असं लिहून घ्या, त्यांच्या काउंटरवरच चारही बाजूंनी फोटो आणि चालू स्क्रीनचा व्हिडिओ काढा, मग सही करा. हे फोटो मोबाइलमधून पुसू नका. घरी किंवा होस्टेलवर तो एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं तर अभ्यास चालू राहील, आणि दोष स्क्रीनच्या बाजूला आहे याचाही व्हिडिओ हाती येईल. टीव्हीची सोय नसेल आणि पैसे भरण्यावाचून गत्यंतर नसेल, तर पावतीवर ‘हक्क राखून, हरकतीसह’ असं लिहा आणि काढलेलं जुनं पॅनल मागून घ्या. ते द्यायला नकार दिला, तर तो नकारही लेखी घ्या.