निवृत्त होणाऱ्या जुन्या कारागिरांचं ज्ञान कंपनीत कसं टिकवायचं?

तुम्ही लिहिलंय की कारखान्यातले तीन जुने मेस्त्री येत्या दीड-दोन वर्षांत निवृत्त होतायत. साहेबांच्या सांगण्यावरून त्यांच्याकडून सगळं लिहून घेतलं, मॅन्युअल छापलं, मोबाईलवर व्हिडिओ काढले, आणि तरी नव्या पोरांच्या हातचा माल नापास होतोय. चुकतंय कुठं, हा तुमचा प्रश्न. मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत काम करतो, आधी क्वालिटीत आणि आता ट्रेनिंगचंही बघतो. त्यामुळे उत्तर ओतकामाच्या भाषेत येणार. तुमचा धंदा वेगळा असला तरी फारसं बिघडत नाही.

मॅन्युअल वाईट नसेल. पण मॅन्युअलात काम कसं करायचं ते उतरतं. काम कधी थांबवायचं, ते बहुतेक वेळा राहून जातं. मेस्त्रीचा पगार खरं तर त्या दुसऱ्या गोष्टीसाठी असतो.

आमच्याकडे ग्रीन सँडचं मोल्डिंग आहे, म्हणजे ओल्या वाळूचे साचे. वाळू, बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी माती), कोळशाची पूड आणि पाणी मिक्सरमध्ये मळून पट्ट्यावरून मशीनवर येतं. लॅबवाला ठरल्या वेळी नमुना नेतो, ओल किती टक्के, कॉम्पॅक्टेबिलिटी किती, सगळं रजिस्टरला चढतं. आता आमचे मोल्डिंगचे मामा, म्हणजे जुने मेस्त्री, काय करतात ते सांगतो. पट्ट्यावरच्या वाळूत चार बोटं खोल हात घालतात. वरची वाळू घेत नाहीत, कारण ती वाऱ्यानं सुकलेली असते. मूठ एकदाच दाबतात आणि उघडतात. वाळूवर बोटांचे ठसे स्पष्ट उमटले पाहिजेत, तळहाताला काही चिकटता कामा नये. मग तो गोळा दोन्ही हातांनी मधोमध मोडतात आणि तुटलेली कड बघतात. कड धारदार राहिली तर ठीक. ढासळली तर वाळू कोरडी आहे, किंवा बेंटोनाइट जळून मेलाय. वाकून मग तुटली तर ओल जास्त. याला जेमतेम पाच सेकंद लागतात, आणि हे करताना मामा शेजारच्याशी बोलत असतात!

गंमत अशी की लॅबमधली कॉम्पॅक्टेबिलिटीची चाचणी म्हणजे या मुठीचाच यांत्रिक अवतार. वाळू ठोकल्यावर किती दबते तेच ती मोजते. पण लॅबचा आकडा येईपर्यंत पट्ट्यावरून कितीतरी वाळू पुढं गेलेली असते. शिवाय हात आणखी एक गोष्ट सांगतो, ती म्हणजे वाळू गरम आहे का. साचे फोडून परत आलेली वाळू नीट निवली नसेल, तर तिची वाफ थंड पॅटर्नवर (ज्यावर वाळू दाबून साचा बनतो त्या नमुन्यावर) धरते आणि वाळू पॅटर्नला चिकटते. ओलीचा आकडा बरोबर आणि साचा खराब, असं तेव्हा होतं.

सुरुवातीला आमच्या इंजिनिअरनं मामांना विचारलं होतं, "वाळू कशी ओळखता?" मामा म्हणाले, "कशी म्हंजे? हाताला कळतंय की." त्यांना काही लपवायचं नव्हतं. प्रश्नच असा होता की त्याला दुसरं उत्तर येणार नाही. गॅरी क्लाइन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यालाही हेच ऐकायला मिळालं. अधिकारी म्हणायचे, आम्ही काही निर्णयबिर्णय घेत नाही, बघतो आणि करतो. मग त्यानं एकेका आगीची हकीकत विचारायला सुरुवात केली. तेव्हा काय दिसलं, काय खटकलं, त्या जागी नवखा असता तर काय करून बसला असता. तेव्हा कुठं धुराचा रंग, जमिनीचा ताप, आवाज असल्या खुणा बाहेर आल्या. तुम्हीही मेस्त्रींना "हे कसं करता" हे विचारू नका. नापास झालेला माल टेबलावर ठेवा आणि विचारा, "हा तुमच्या हातून गेला असता का? कुठं थांबवला असता?" ब्लोहोल (वायूमुळे पडलेली पोकळी) असलेलं एक कास्टिंग समोर ठेवलं की आमचे मामा अर्धा तास बोलायचे थांबत नाहीत. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीची पहिली वाळू ते का वापरू देत नाहीत, ते आम्हाला असंच कळलं. तोवर सगळ्यांना वाटायचं की त्यांचा तो देवधर्म आहे.

इतकं करूनही सगळं हाती लागत नाही, हेही सांगून ठेवतो. काही गोष्टी करणाऱ्यालाच माहीत नसतात. याचं सगळ्यात महागडं उदाहरण अमेरिकेच्या अण्वस्त्र कार्यक्रमातलं आहे. 'फॉगबँक' या सांकेतिक नावाचा एक पदार्थ टेनेसीतल्या ओक रिजच्या वाय-१२ कारखान्यात १९८९ पर्यंत बनत होता. पुढं डब्ल्यू-७६ या अण्वस्त्राचं आयुष्य वाढवायचं ठरलं आणि तो पदार्थ पुन्हा लागला. तोवर जुना कारखाना बंद, नोंदी अपुऱ्या, माहीतगार माणसं बहुतेक निवृत्त. नवा कारखाना उभारला, जुनी कृती जमेल तशी जुळवली, तरी माल जमेना. शेवटी कळलं की पूर्वीच्या कच्च्या मालात एक अशुद्धी असायची आणि पदार्थ नीट बनायला तीच लागायची. नव्या पद्धतीत कच्चा माल जास्त स्वच्छ केला जात होता, त्यात ती निघून जायची. जुन्या कामगारांनाही ती अशुद्धी कामाची आहे याचा पत्ता नव्हता, मग ते लिहिणार काय? म्हणून माझं एक सांगणं आहे. मशीन बदलायचं, पुरवठादार बदलायचा, प्रोसेस 'सुधारायची' असे बेत असतील, तर ते मेस्त्री असेपर्यंत, त्यांच्या डोळ्यांदेखत उरकून घ्या. ते गेल्यावर काही बिघडलं तर नेमकं काय बदललं हे सांगणारा कोणी उरत नाही.

आता शिकवण्याकडे येतो. यासाठी नवं काही शोधायची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि कारखान्यात एकदम नवखी माणसं आली, त्यात बायका पुष्कळ. तेव्हा 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा सरकारी कार्यक्रम निघाला. १९४० ते १९४५ या काळात त्यांनी सोळा लाखांहून जास्त सुपरवायझर तयार केले. त्यांच्या पद्धतीचं मूळ आणखी मागचं, पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीसाठी चार्ल्स अ‍ॅलननं बसवलेली चार पायऱ्यांची रीत. युद्धानंतर ही पद्धत जपानात गेली, टोयोटानं १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ती उचलली आणि सोडली नाही. अमेरिकेत मात्र युद्ध संपल्यावर ती बरीचशी विस्मरणात गेली, म्हणजे शिकवायला शिकलेली संस्थासुद्धा विसरू शकते.

या पद्धतीत शिकवायला वापरतात तो कागद साधा असतो. तीन रकाने. पहिल्यात कामाची पायरी, दुसऱ्यात त्या पायरीतली मेख, तिसऱ्यात मेखेचं कारण. आमचा वाळूचा कागद असा आहे: पायरी, वाळू घ्या. मेख, चार बोटं खोल हात घालून. कारण, वरची वाळू सुकलेली असते. पायरी, मूठ दाबा. मेख, एकदाच. कारण, पुन्हा दाबली तर कोरडी वाळूही धरून राहते आणि फसवते. पुढं मोडणं, कड बघणं. अख्खा कागद अर्ध्या पानाचा आहे. तुमच्या मॅन्युअलात पहिला रकाना भरगच्च आणि तिसरा रिकामा असेल, अशी माझी अटकळ आहे. पोराला कारण ठाऊक नसलं की घाईच्या दिवशी तो सगळ्यात आधी मेखच गाळतो.

कागद शिकवणाऱ्यासाठी असतो, शिकणाऱ्याच्या हातात द्यायचा नसतो. शिकवण्याच्या चार पायऱ्या अशा: आधी पोराला काय येतं ते विचारायचं. मग मामा करून दाखवतात: एकदा नुसत्या पायऱ्या सांगत, एकदा मेख सांगत, एकदा कारणासकट. मग पोरानं करायचं आणि करता करता मेख आणि कारण तोंडानं सांगायचं. सगळा जीव या तिसऱ्या पायरीत आहे आणि घाई झाली की नेमकी तीच कापली जाते. चौथी पायरी म्हणजे एकट्याला सोडून अधूनमधून जाऊन बघणं, आणि अडलं तर कुणाला विचारायचं ते माणूस दाखवून सांगणं. आमच्याकडे बरीच पोरं बिहार-ओडिशाची आहेत, मामांचं हिंदी म्हणजे मराठीच, फक्त मोठ्या आवाजात. तरी जमतं, कारण हातात वाळू असते.

वर्गातल्या ट्रेनिंगबद्दल थोडक्यात. प्रोजेक्टर, बिस्कीटचा पुडा, शेवटी हजेरीपत्रकावर सह्या, हे ऑडिटसाठी ठीक. आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत संस्थेकडचं ज्ञान जपा असं सांगणारं ७.१.६ हे कलम आल्यापासून प्रत्येक कंपनीत त्या नावाची एक फाईल झालीय. ती नुसती फिरवून वाचायला दिली तर पुढच्या आठवड्यात डोक्यात काही राहत नाही. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग बघा. पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढं होते. आठवडा गेल्यावर मात्र ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं ते पुढं गेले. तेव्हा वर्ग घ्यायचाच तर पोरांना विचारत राहा, आणि आज शिकवलेलं पुढच्या आठवड्यात परत विचारा.

आता ज्यावर तुमच्या प्रश्नात एक ओळही नाही, त्याबद्दल. शिकवण्याचा वेळ कुणाच्या खात्यावर पडतो? अनेक फौंड्रींत जुना मोल्डर नगावर असतो किंवा त्याला उत्पादनाचा इन्सेन्टिव्ह असतो. त्यानं तासभर पोराला दिला की त्याच्या खिशातून पैसे जातात. पोरगं ठेकेदाराचं, छटपूजेला गावी गेलं की परत येईलच असं नाही. वर मामाच्या मनात हेही असतं की मी सगळं सांगून टाकलं तर निवृत्तीनंतर मला कोण बोलावणार. या तिन्हीला मॅन्युअल काय करणार? मामांना लोभी किंवा आडमुठे म्हणणारे साहेब मी पाहिलेत, ते मला मुळीच पटत नाही. हिशेब मामांचा बरोबर आहे, कंपनीचा चुकलाय.

आमच्याकडे जे करून निभावलं ते सांगतो. शिकवायच्या दिवशी मामांना मागच्या महिन्याच्या सरासरीनं इन्सेन्टिव्ह धरतात, त्या दिवशीचे नग मोजत नाहीत. शिकाऊ पोरगं ठेकेदाराकडचं न घेता आयटीआय झालेलं, कंपनीच्या रोलवरचं अ‍ॅप्रेंटिस घेतात, म्हणजे वर्षभर तरी हातात राहतं. आणि निवृत्त होणाऱ्याला आधीच लेखी कळवतात की पुढं आठवड्यातून दोन दिवस सल्लागार म्हणून यायचं, मानधन इतकं. हे पत्र हातात पडल्यावर एका मामांनी जे सांगितलं ते त्यांनी आधीच्या सगळ्या मिटिंगांत मिळून सांगितलं नव्हतं.

तुमच्याकडे तीन मेस्त्री आणि दीड वर्ष आहे. तिघांचं सगळं काम पकडायला जाऊ नका. गेल्या वर्षभराचं रिजेक्शन काढा, कोणत्या दोषापायी सगळ्यात जास्त माल गेला ते बघा, आणि त्या दोषावर तिघांतला कोण बोलतो ते शोधा. सुरुवात त्या एका कामापासून करा. एका मेस्त्रीला एक पोरगं, फार तर दोन, त्याच मशीनवर, त्याच पाळीत. पोरगं तयार झालं की नाही याची परीक्षा पेपरवर घेऊ नका. मेस्त्री रजेवर असताना त्यानं स्वतःहून लाईन थांबवली का, आणि बरोबर थांबवली का, ते बघा. आणि थांबवल्याबद्दल त्याला कुणी झापणार नाही, हे सुपरवायझरला आधीच सांगून ठेवा.