बॅटरी नको, आधी ‘सी’ची वायर तपासा

पत्र थोडक्यात: शिवाजी उद्यमनगरात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. मुलगा इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मित्रांबरोबर तो दोन सीटचं विमान बांधतोय, इंजिन रोटॅक्स 912. इंजिन चालवलं की बॅटरीवर 14.9 व्होल्ट येतात, लाइट लावले की आणखी वाढतात. एक सीलबंद बॅटरी फुगली, रेग्युलेटर बदलला, फरक शून्य. यात पुढे काही आहे का, की नुसतं वर्ष वाया? – एक पालक, कोल्हापूर

नमस्कार. आधी त्या 14.9 चं बघू. तो दोष मुलगा कसा शोधतो, त्यावरून त्याचा कल कळेल.

912 ला मोटरसायकलसारखीच मॅग्नेट आणि कॉइल असते. दुकानात तुम्ही ज्याला आरआर युनिट म्हणता, तेच काम इथला रेग्युलेटर करतो: एसीचा डीसी करायचा आणि व्होल्टेज 14.2 च्या आसपास धरायचं. फक्त त्याला ‘सी’ नावाचं वेगळं टर्मिनल असतं. तिथे जेवढं व्होल्टेज पोहोचेल, तेवढंच बॅटरीवर आहे असं तो धरून चालतो. ही वायर मास्टर स्विच, फ्यूज होल्डर करत आली आणि वाटेत 0.7 व्होल्ट पडले, तर ‘सी’वर 14.2 आणि बॅटरीवर 14.9. लाइट लावल्यावर आकडा चढतो म्हणजे लाइटचा लोडही त्याच वायरवर टाकलाय, हे जवळजवळ नक्की. नवा रेग्युलेटर बिचारा तेच करणार.

मोजायचं असं. मल्टिमीटर डीसीवर, एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर, दुसरा ‘सी’वर, इंजिन चालू, लाइट चालू. फरक 0.1 व्होल्टच्या वर गेला की मास्टर स्विचच्या दोन टोकांवर, मग फ्यूज होल्डरवर, मग प्रत्येक थिंबलवर (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडावर) मोजत जायचं. चोर तिथेच सापडतो. मीटरच्या वायरी लांब घेऊन कॉकपिटमध्ये आणा, चाकांना अडसर लावा, पंख्याजवळ (प्रोपेलरजवळ) कुणी उभं राहायचं नाही. आणि इंजिन चालू असताना ‘सी’ची वायर काढून बघायची नाही. दोष मिळाला की ‘सी’ला स्वतंत्र वायर द्या, तिच्यावर दुसरं काहीही नको. थिंबल रॅचेटच्या क्रिंपरनेच दाबा. डाग देऊन (सोल्डर करून) कडक केलेली वायर डागाच्या कडेला थरथरीने तुटते.

अर्थिंग खराब असेल तर उलटं होतं, बॅटरी कमी चार्ज होते. म्हणून रेग्युलेटरची बॉडी बसते तिथला रंग खरवडून स्वतंत्र अर्थ वायर द्या, आणि इंजिन चालू असताना बॉडी ते बॅटरी मायनस हा फरकही मोजा. रेग्युलेटरला गार हवेचा झोत हवा. एक्झॉस्टशेजारी लावला तर तो उन्हाळा काढत नाही. आउटपुटवर 22,000 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टचा कपॅसिटर आहे ना, हे विचारा. बऱ्याचदा तोच ‘नंतर लावू’ म्हणून राहतो.

शिवाय कॉइल देते 250 वॅट, तेही 5800 आरपीएमला, म्हणजे फार तर 18 अँपिअर. 55 वॅटचा एक हॅलोजन त्यातले 4 खातो. मुलाने प्रत्येक उपकरणाचे अँपिअर कागदावर मांडले आहेत का? नसतील तर वायरिंग अजून सुरूच झालेलं नाही, असं मी धरेन.

आता करिअर. नुसत्या घरी बांधलेल्या विमानांवर कोल्हापुरात पोट भरणार नाही, हे स्पष्ट सांगतो. मुंबईत अमोल यादव यांनी गच्चीवर विमान बांधलं, 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली. पण त्यामागची वर्षं मोजा. पगाराची वाट डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, विमान देखभाल परवान्यातून जाते. मुलाला त्यातला बी-2 प्रकार, म्हणजे एव्हिऑनिक्स (विमानातलं इलेक्ट्रॉनिक्स) आणि इलेक्ट्रिकल, जवळचा. मान्यताप्राप्त संस्थांची यादी डीजीसीएकडूनच घ्या, एजंटाकडून नको, आणि डिप्लोमावर प्रवेश मिळतो का हे फी भरण्याआधी लेखी घ्या. परवाना नको असेल तर इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटरी आणि चार्जरची कामं आहेतच; तिथेही व्होल्टेज ड्रॉप मोजणारा माणूस लागतो.

विमान सोडायला लावू नका, डिप्लोमाचे बॅकलॉग मात्र राहू देऊ नका. आणि त्याला एक वही द्या: तारीख, आरपीएम, बॅटरीवरचं व्होल्टेज, ‘सी’वरचं व्होल्टेज, कोणते लोड चालू होते. 14.9 चे 14.2 कसे झाले हे त्या वहीत आकड्यांनिशी दिसलं, तर मुलाखतीला तीच घेऊन जाऊ दे.