कोर्टानं नाही म्हटलं, मग आईनं हो कसं म्हणायचं?

प्रश्न : मी ६१ वर्षांची, सांगली जिल्ह्यातली. मिस्टर चार वर्षांपूर्वी गेले. मोठा मुलगा गावी शेती आणि दुकान बघतो. धाकटी लेक ३४ वर्षांची, पुण्यात आयटीत आहे. सात वर्षं ती एका मुलीबरोबर राहते. मी मैत्रीणच समजत होते. यंदा गणपतीत घरी आली आणि सांगून मोकळी झाली, की आई, आम्ही एकमेकींच्या जोडीदार आहोत, आता स्थळं बघणं थांबव.

मुलगी वाईट नाही. मला काकू म्हणते. गेल्या वर्षी लेकीला डेंग्यू झाला तेव्हा दवाखान्यात रात्रंदिवस तीच होती. तिथं नातेवाईक कोण विचारलं तर फॉर्मवर 'चुलत बहीण' लिहून सही केली, असं हसत सांगत होती. फ्लॅट लेकीच्या नावावर आहे, हप्ते मात्र दोघी निम्मे निम्मे भरतात. त्या मुलीच्या घरच्यांनी तिच्याशी संबंध तोडलेत.

माझा मुलगा म्हणतो, सुप्रीम कोर्टानंच असल्या लग्नाला नकार दिलाय म्हणजे हे बेकायदा आहे, बाहेरच्या देशातलं खूळ आहे, चांगल्या डॉक्टरला दाखव आणि हिचं लग्न लावून टाक. मला रात्र रात्र झोप नाही. कोर्टच नाही म्हणतंय, तर मी हो कसं म्हणू? मार्गशीर्षात पुतण्याचं लग्न आहे. त्या मुलीला बोलवायचं का, आणि कोण म्हणून ओळख करून द्यायची?
— एक आई

उत्तर : ताई, आधी मुलाचं 'बेकायदा' निकालात काढू, कारण तुमची झोप त्यानंच उडवलीय. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सुप्रीम कोर्टानं सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या समलिंगी संबंधांना ते गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून बाहेर काढलं. तुमच्या लेकीनं कुठलाही गुन्हा केलेला नाही. तिच्या घरात पोलिसाचं काम नाही आणि भावाचंही नाही.

मुलगा ज्या निकालाबद्दल बोलतोय तो १७ ऑक्टोबर २०२३ चा. पाच न्यायमूर्ती होते. लग्न करण्याचा मूलभूत हक्क आपल्या संविधानात नाही, आणि १९५४ चा विशेष विवाह कायदा बदलायचा तर तो संसदेनं बदलावा, यावर पाचही जणांचं एकमत झालं. लग्न नाही तर निदान या जोडप्यांच्या सहजीवनाला तरी कायद्याची मान्यता मिळावी, यावर मात्र तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल अल्पमतात गेले. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. म्हणजे आजच्या तारखेला तुमची लेक आणि तिची जोडीदार विवाह नोंदणी कार्यालयात गेल्या तर त्यांना परत पाठवतील, हे खरं. पण दोघींनी एकत्र राहू नये असं त्या निकालात कुठंही नाही. उलट बहुमतानंही एकत्र राहण्याचा त्यांचा हक्क मानला, आणि भविष्य निर्वाह निधी, पेन्शन यांसारख्या गोष्टी जोडीदाराला मिळत नाहीत तेव्हा या माणसांवर अन्याय होतो, हेही मान्य केलं. कोर्टानं एका नात्याला सरकारी शिक्का द्यायला नकार दिला. तुम्ही लेकीला काय म्हणावं, हा प्रश्न त्याच्यापुढं नव्हताच.

माझं मत विचाराल तर तो निकाल मला तोकडा वाटला. बहुमताचा मुद्दा पोकळ नव्हता, हेही सांगते. त्या विशेष विवाह कायद्यात वराचं वय २१ आणि वधूचं १८ आहे, आणि पोटगी, वारसा सगळीकडे एक नवरा आणि एक बायको गृहीत धरलेत. एक कलम हलवलं की दहा कलमं हलतात. पण कोर्टानं काम संसदेवर सोपवलं तेव्हा, केंद्र सरकार त्याच कोर्टात ही मागणी म्हणजे शहरी उच्चभ्रूंचे विचार आहेत असं लेखी सांगून बसलं होतं. मग कायदा करण्याची घाई कोणाला असणार? ज्यांना करायचं होतं त्यांनी केलं. तैवाननं २०१९ मध्ये कायदा केला, थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून अशी लग्नं कायदेशीर नोंदली जाताहेत. आपल्याकडे या प्रश्नावर कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती आहे.

आता ते 'बाहेरचं खूळ'. १९८७ साली मध्य प्रदेश पोलिसांतल्या लीला आणि उर्मिला या दोन शिपाई बायकांनी आपसांत लग्न लावलं आणि दोघींची नोकरी गेली. त्या काही परदेशात शिकून आल्या नव्हत्या. आणि आपल्या मुंबईत १९३४ साली लैंगिक शिक्षणासाठी झटणाऱ्या र. धों. कर्व्यांवर त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून अश्लीलतेचा खटला चालला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांबद्दलचाही प्रश्न होता. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. (आम्हा सल्ला देणाऱ्यांच्या घराण्यातले हे मूळपुरुष, म्हणून जरा अभिमानानं सांगते.) सांगायचं इतकंच, की नव्वद वर्षांपूर्वी इथली माणसं टपालानं हेच विचारत होती.

डॉक्टरचंही ऐका. हा आजार नाही, असं भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्येच जाहीर केलंय. 'बरं करून देतो' म्हणणारा डॉक्टर भेटला तर तो व्यावसायिक गैरवर्तन करतोय, हे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलंय. डॉक्टरकडे कोणी जायचंच असेल तर झोपेसाठी तुम्ही जा. आणि जबरदस्तीनं बोहल्यावर चढवायची गोष्ट तर तोंडातूनही काढू नका. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात असंच एक प्रकरण आलं. पंचवीस वर्षांच्या मुलीला घरच्यांनी डांबून ठेवलं होतं आणि तिची जोडीदार कोर्टात गेली होती. कोर्टानं मुलीला मोकळं केलं, घरच्यांना आडवं यायचं नाही म्हणून बजावलं, आणि कुटुंब काही फक्त लग्नानंच बनत नाही असंही म्हटलं. शिवाय ज्याच्याशी हिचं लग्न लावाल त्या परक्या मुलाचा विचार करा. त्याच्या आईनं तुमचं काय वाकडं केलंय?

एवढं झालं मुलाचं. आता तुमचं.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं ते त्या डेंग्यूच्या फॉर्मसाठी. तुम्ही ओघात लिहून गेलात. रात्रीचा दवाखाना, काउंटरवर फॉर्म पुढं सरकवलाय, 'रुग्णाशी नाते' अशी रेघ आहे आणि सहा-सात वर्षं एका घरात राहिलेल्या बाईला तिथं चुलत बहीण व्हावं लागतं. हसत सांगितलं म्हणजे हसण्यासारखं होतं असं नाही, ताई. तो डेंग्यू होता, लेक शुद्धीवर होती, निभावलं. शुद्धीवर नसती तर दवाखान्यानं सही कोणाची मागितली असती? तुमची. आणि सांगलीहून पुणं गाठेपर्यंत चार-पाच तास जातात.

फ्लॅटचं तर याहून अवघड आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार अविवाहित बाई मृत्युपत्र न करता गेली, तर तिनं कमावलेली मालमत्ता आई-वडिलांकडे जाते. वडील नाहीत, म्हणजे ते घर तुमचं होईल. निम्मे हप्ते भरणारी ती मुलगी कायद्याच्या लेखी त्या घरात कोणीच नसेल. आणि तुमच्यामागे तुम्ही मृत्युपत्र केलं नसेल, तर घर जाईल तुमच्या मुलाकडे, म्हणजे आज 'हे बेकायदा' म्हणणाऱ्याकडे. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी ती मुलगी त्याच्या दारात उभी असेल, इतकं डोळ्यांपुढं आणा.

कोर्ट नाही म्हणतंय तर मी हो कसं म्हणू, असं तुम्ही विचारलंत. कायद्यानं त्या मुलीला जे नाकारलंय, ते जवळजवळ सगळं तुमच्या पदरात टाकलंय. संसद हलेल तेव्हा हलेल. तुमची सही मात्र आजही चालते.

तेव्हा दिवाळीनंतर पुण्याला जा आणि लेकीला मृत्युपत्र करायला लावा. चौतिसाव्या वर्षी मृत्युपत्र म्हटलं की मुलं दचकतात, दचकू द्या. साध्या कागदावर होतं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणीची सक्ती नाही, पण दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावं. 'सोसायटीत तिला नॉमिनी केलंय की' असं लेक म्हणेल. सगळेच म्हणतात. नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांसाठी सांभाळणारा असतो. शेअर्सबाबत सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. अशा मृत्युपत्राला आव्हान कोण देतं? घरचेच. म्हणून माझा आग्रह, की एक साक्षीदार तुम्ही व्हा. आईची सही असलेलं मृत्युपत्र उद्या 'फूस लावून करून घेतलं' म्हणून मोडीत काढणं सोपं नाही. वकील म्हणतील साक्षीदार वयानं लहान हवा, आणि बरोबरच म्हणतील. मग दुसरा तरुण घ्या. त्या मुलीनंही आपलं मृत्युपत्र करावं. तिचे वारस तर संबंध तोडून बसलेले आईवडील आहेत.

दवाखान्यासाठी 'लिव्हिंग विल' नावाचा कागद असतो. आपण बोलू शकत नसलो आणि दुखणं हाताबाहेर गेलं, तर उपचारांबाबत आपल्या वतीनं कोणी बोलावं, हे त्यात लिहून ठेवता येतं. दोन साक्षीदार आणि नोटरी पुरते. लेकीनं त्यात जोडीदाराचं आणि तुमचं अशी दोन्ही नावं घालावीत. पण तो कागद शेवटच्या दुखण्याचा. एरवीच्या अपघाताला, ऑपरेशनला शंभर टक्के पुरेल असा कागद आज नाही. तिथं तुम्हीच फोनवर ठणकावून सांगायचं : मी आई बोलतेय, हिला विचारा, हिची सही घ्या.

बँकेचं त्या मानानं सोपं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलंय, की अशा जोडप्यांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकींना नॉमिनी करायला आडकाठी नाही. हप्ते त्या खात्यातून जाऊ देत, म्हणजे कोणी किती भरलं याचा पुरावा राहील. मोठी रक्कम भेट म्हणून एकमेकींना देताना मात्र सीएला विचारा. नवऱ्यानं बायकोला दिलेल्या भेटीवर कर नाही, पण यांना वर्षाला ५०,०००च्या वर गेलं की लागतो. त्याविरुद्धची याचिका २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालीय.

मुलाशी भांडू नका. त्याला निकाल काय आहे ते एकदा सांगा आणि विषय थांबवा. बहिणीच्या घरावर त्याचा डोळा आहे असं त्याला चुकूनही म्हणू नका. बहुधा त्यानं तितका विचारही केलेला नसेल, त्याला गावाची भीती आहे. आणि तुम्हाला बोलायला कोणीतरी हवं. मुंबईत 'स्वीकार' हा अशा मुलामुलींच्या पालकांचा गट आहे; २०२३ मध्ये त्यातल्या चारशेहून जास्त आईबापांनी आमच्या मुलांना लग्न करू द्या म्हणून सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं. पुण्यात 'समपथिक' संस्थेनं या विषयावर मराठीतून बरंच काम केलंय. 'स्वीकार'मधल्या एखाद्या आईशी तासभर बोललात तर माझ्या या पत्राची गरज राहणार नाही.

राहिलं लग्न. बोलवा. लेकीला दाराशी उभं राहून 'या' म्हणतात त्याच मानानं. पण ओळख काय करून द्यायची हे तुम्ही ठरवू नका आणि मीही ठरवणार नाही. लेकीला फोन करून विचारा, की तुला चारचौघांत काय सांगितलेलं चालेल? तिच्या ऑफिसात, गावात किती जणांना माहीत असावं हे तिनं ठरवायचंय. आईनं कौतुकानं बोलून जावं आणि पोरीला निस्तरावं लागावं, असं नको. ती म्हणाली 'मैत्रीण सांग', तर मैत्रीण सांगा. सासूबाईंच्या वयाच्या कोणी खोदून विचारलंच तर 'पुण्यात दोघी एकत्र असतात, माझ्या घरचीच आहे' एवढं पुरे. लग्नात पुढचा प्रश्न विचारायला कोणाला सवड नसते, जेवणं सुटलेली असतात.

साडी मात्र दोघींना सारख्या किमतीची घ्या. जावा पोत आणि पदर बघून किंमत सांगतात.