आरसी बग्गीचा शॉक टॉवर कार्बन फायबरमध्ये घरी बनवता येतो का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहून १/१० प्रमाणाच्या, रिमोटने चालणाऱ्या (आरसी) इलेक्ट्रिक बग्गीचा सारखा मोडणारा प्लास्टिकचा पुढचा शॉक टॉवर, म्हणजे शॉक ॲब्झॉर्बरची वरची टोके जिच्यावर बसतात ती उभी पट्टी, कार्बन फायबरमध्ये घरी करता येईल का, आणि त्याचे थर दाबून बसवायला व्हॅक्यूम पंप घ्यावाच लागतो का, असे तुम्ही विचारले आहे. टॉवर करता येतो, आणि सपाट भागांपुरते पंपावाचून भागते. मी वर्धा जिल्ह्यातला. माझ्या गाड्याही पांदणीवर आणि पऱ्हाटी उपटलेल्या वावरातच धावतात. या कामाच्या बहुतेक सूचना वीस-पंचवीस अंशांच्या खोलीसाठी लिहिलेल्या असतात आणि तशी खोली आपल्याकडे वर्षातून थोडेच दिवस मिळते, म्हणून हे उत्तर आपले हवामान धरून लिहीत आहे.

कोणते भाग करू नयेत, ते आधी सांगतो. कार्बन फायबर ताठ असते. वाकून धक्का जिरवणे हा त्याचा स्वभाव नव्हे. शॉक टॉवर, बॅटरीवरची पट्टी, चेसिसची वरची पट्टी यांना ते शोभते, पण सस्पेन्शनचे आर्म, म्हणजे चाके गाडीला जोडणाऱ्या हलत्या दांड्या, नायलॉनचेच राहू द्यावेत. गाडी धुऱ्यावर आदळली की नायलॉनचा आर्म वाकून परत जागेवर येतो. कार्बनचा आर्म तडकतो, किंवा स्वतः शाबूत राहून पिन बसते ते केसिंग फोडतो. चेसिसच्या खालच्या मुख्य पट्टीच्याही भानगडीत पडू नये, कारण मुरमावर घासून खालचे थर झिजत जातात. तिथे ॲल्युमिनियमच बरे.

कार्बनच्या कापडाचे थर रेझिनमध्ये भिजवून एकावर एक बसवले की तक्ता होतो. कापड '३के' म्हणून विकले जाणारे, म्हणजे ज्याच्या प्रत्येक दोऱ्यात तीन हजार तंतू असतात असे, चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचे आणि ट्विल (तिरप्या रेघांच्या) विणीचे घ्यावे. तालुक्याच्या गावी ते मिळणार नाही, ऑनलाइन मागवावे लागेल. रेझिन इपॉक्सीच हवे, आणि तेही लॅमिनेशनसाठीचे पातळ. कूलरच्या फायबर बॉड्या आणि पाण्याच्या टाक्या करणाऱ्यांकडचे रेझिन बहुधा पॉलिएस्टर असते. ते स्वस्त पडते, परंतु बाजारातल्या बहुतेक कार्बन कापडाच्या तंतूंवरचा लेप इपॉक्सीला जुळणारा असल्यामुळे पॉलिएस्टरची त्यावर पकड कमी बसते. हार्डवेअरच्या दुकानातले अराल्डाइट इतके घट्ट असते की ते कापडात मुरतच नाही.

३०० गुणिले २०० मिलिमीटरचा एक तुकडा १२ ग्रॅम भरतो. असे बारा थर दाबून बसवले की साधारण ३ मिलिमीटर जाडीचा तक्ता होतो आणि त्यातून दोन-तीन टॉवर सहज निघतात; एकाच टॉवरपुरते साहित्य मागवणे मुळीच परवडत नाही. कापड १४४ ग्रॅम, म्हणून रेझिन आणि त्याला घट्ट करणारे हार्डनर मिळूनही तेवढेच धरावे. जास्तीचे दाबाखाली बाहेर येते. दोन्हींचे प्रमाण डब्यावर दिलेलेच ठेवावे आणि ते काट्यावर वजन करून घ्यावे. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर थोडा वाढवला की काम लवकर सुकते. इपॉक्सीत तसे केले तर तक्ता कायमचा लिबलिबीत राहतो.

आता उन्हाळ्याचा प्रश्न. तापमान दहा अंशांनी वाढले की रेझिन हाताळायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. २५ अंशांना अर्धा तास मिळत असेल, तर मे महिन्यातल्या ४५ अंशांना जेमतेम सात-आठ मिनिटे हाती राहतात. त्यातही रेझिन पेल्यात साठलेले असले तर स्वतःच्याच उष्णतेने तापून धूर सोडते. मिसळल्याबरोबर ते पसरट ताटलीत ओतावे. उन्हाळ्यात हे काम पहाटे आणि संथ हार्डनर घेऊनच करावे. कूलरच्या खोलीत तर करूच नये, कारण कूलरच्या ओलसर हवेने इपॉक्सीवर मेणचट थर धरतो आणि त्यावर पुढे काही चिकटत नाही. पावसाळ्यातही हीच अडचण येते. माझ्या मते दिवाळीनंतरचे पंधरा-वीस दिवस आणि फेब्रुवारी हा काळ यासाठी उत्तम.

कापड कापण्याआधी रेघेवर मास्किंग टेप लावून टेपमधूनच कात्री चालवावी, नाहीतर वीण उसवते. जाड काचेवर मेणाचे पॉलिश चढवून त्यावर आधी रेझिन पसरावे आणि मग कापड ठेवावे, म्हणजे रेझिन खालून वर येते व हवा निघून जाते. काचेचे कापड भिजले की पारदर्शक होते. कार्बन कोरडेही काळे आणि भिजलेलेही काळे, त्यामुळे नजर तिरपी करून मंद दिसणारे ठिपके शोधावे लागतात. जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे ओढत त्या ठिपक्यांवर रेझिन न्यावे. एक थर सरळ, दुसरा ४५ अंशांत तिरपा असे सहा थर झाले की पुढचे सहा उलट्या क्रमाने ठेवावेत. दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या जुळल्या नाहीत तर तक्ता पिळवटतो. वरून पॉलिथीन, दुसरी काच आणि प्लायवूड ठेवून सोयाबीनची दोन पोती चढवावीत. तक्ता पिशवीत घालून पंपाने हवा ओढली तर एवढ्याच क्षेत्रफळावर सहाशे किलोच्या आसपास दाब मिळतो हे खरे, पण वीज गेली आणि पिशवीत कुठे गळती असली की तो दाबही जातो. पोत्यांना विजेची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी तक्ता कडक लागला तरी काम संपलेले नसते. साध्या तापमानाला घट्ट झालेले बरेचसे इपॉक्सी पन्नास-साठ अंशांपुढे मऊ पडू लागते, आणि आपल्या उन्हात ठेवलेली काळी वस्तू त्याहून जास्त तापते. म्हणून तक्ता दोन काचांमध्येच ठेवून पत्र्याच्या पेटीत जुन्या पिवळ्या बल्बांच्या उष्णतेवर हळूहळू साठ-सत्तर अंशांपर्यंत न्यावा, काही तास तिथेच ठेवावा आणि पेटीतच निवू द्यावा. पेटीत थर्मामीटर हवाच.

जुना टॉवर आलेखाच्या कागदावर आखून तो कागद तक्त्यावर चिकटवावा. आतले कोपरे गोल ठेवावेत, कारण चीर तिथूनच सुरू होते. बारीक दातांच्या हॅकसॉ पात्याने, पाणी सोडत, अंगणात कापावे. ही धूळ फुप्फुसांना वाईट आणि शिवाय वीजवाहक असते, म्हणून एन९५ मास्क लावावा आणि चार्जर, इन्व्हर्टर, गाडीचा स्पीड कंट्रोलर दूर ठेवावेत. भोकांसाठी कार्बाइडचे बिट घ्यावे आणि खाली लाकूड धरावे, नाहीतर शेवटचा थर उखडतो. कडा घासून झाल्यावर त्यांना पातळ फेविक्विक पाजावे.

प्लास्टिकचा टॉवर बुडाशी जाड असतो, त्यामुळे ३ मिलिमीटरच्या तक्त्यामागे फरकाएवढे वॉशर भरून स्क्रूची लांबी पुन्हा जुळवावी लागेल. आणि रिसीव्हरची अँटेना टॉवरला चिकटवू नये, कार्बनमुळे २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल अडतो, म्हणून ती प्लास्टिकच्या नळीतून उभी वर काढावी.