एकाच मुहूर्तावर दोन लग्ने

प्रश्न : मी खानापूर येथे राहते आणि गेली तीन वर्षे लग्नसमारंभांच्या आयोजनाचा व्यवसाय करते. तुळशीविवाहानंतरच्या पाच आठवड्यांत यंदा नऊ समारंभ स्वीकारले असून त्यांपैकी दोन लग्ने एकाच मुहूर्तावर आहेत, एक बेळगावात आणि दुसरे निपाणीत. गेल्या वर्षी मांडववाल्याची माणसे ऐनवेळी आली नाहीत आणि हळदीच्या सकाळी मुलीच्या वडिलांना स्वतः खुर्च्या मांडाव्या लागल्या. काम नाकारले तर पुन्हा कोणी विचारणार नाही, अशी भीती वाटते. मी काय करावे?

उत्तर : ताई, खुर्च्या मांडणारे ते वडील आपल्याला अजून आठवतात, म्हणूनच सविस्तर लिहीत आहे. माणसे का आली नाहीत, ते आधी पाहू. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्ने लागतात आणि मग घराघरांतील मुहूर्त सुरू होतात. दुसरीकडे डिसेंबरच्या मध्याला धनुर्मास लागला की आपल्या भागातील, विशेषतः कन्नड घरांतील, पुष्कळशी लग्ने संक्रांतीपर्यंत थांबतात. सारी गर्दी या जेमतेम महिन्यात दाटते, आणि नेमकी याच महिन्यात खानापूर तालुक्यात भाताची सुगी असते, तर निपाणी-चिकोडीकडे साखर कारखान्यांचे गाळप सुरू होऊन ऊसतोड जोरात असते. मांडव बांधणारा, पंगतीत वाढणारा आणि भात कापणारा माणूस पुष्कळदा एकच असतो. कापून पडलेल्या भातावर अवकाळी पाऊस येईल असे दिसले, तर तो आधी आपले शेत सावरणार, आणि त्याबद्दल त्याला दोष देणे मला योग्य वाटत नाही.

म्हणून किती समारंभ घ्यायचे, हे आपल्या भरवशाची माणसे किती आहेत यावरून ठरवावे. मांडववाल्याला विसार देतानाच त्या दिवशी कोण कोण येणार, त्यांची नावे लिहून घ्यावीत, मांडव आदल्या संध्याकाळीच उभा राहील असे ठरवावे आणि सुगीच्या दिवसांत मजुरी वाढीव द्यावी लागते, हे धरूनच यजमानांना खर्च सांगावा. कामाची यादी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लिहावी. गोकाककडचा आचारी आणि खानापूरचा वाढपी एकाच मांडवात असतात, आणि तोंडी निरोपात पंगतीची वेळ हमखास चुकते. ध्वनिवर्धक रात्री १० वाजता बंद करायचा असतो, हे वरातीच्या हौशी मंडळींना आधीच सांगून ठेवावे. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचे अधिवेशन भरले की बेळगावातील लॉजच्या खोल्या मिळणे कठीण होते. तेव्हा पाहुण्यांची सोय आजच करावी.

एकाच मुहूर्तावरील दोन लग्ने मात्र आपण करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बेळगाव आणि निपाणी यांच्यात सुमारे ७० किलोमीटरचे अंतर आहे आणि गाळपाच्या दिवसांत रस्त्यावर उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रांग असते. अक्षता पडताना ज्या मांडवात आपण नसाल, तेथे भटजींपासून आचाऱ्यापर्यंत सगळे आपल्यालाच शोधत असतील. आपल्याइतकाच जाणता आणि निर्णय घेण्याचा अधिकार असलेला सहकारी अजून आपल्याकडे नसावा, असे पत्रावरून दिसते.

नकाराची भीती मलाही सुरुवातीला वाटत असे; परंतु वेळेत सांगून पैसे परत करणाऱ्याकडे तीच घरे पुढच्या मुलीच्या लग्नाला येतात, असा माझा अनुभव आहे. ज्या घराला आधी शब्द दिला, ते लग्न ठेवावे. दुसऱ्या घरी फोन न करता स्वतः जावे, विसाराची पूर्ण रक्कम, आतापर्यंत ठरवलेल्या कामांची वही आणि त्या दिवशी मोकळ्या असलेल्या एखाद्या चांगल्या आयोजकाचे नाव सोबत न्यावे, आणि हे सारे या आठवड्यातच करावे.